ओट्यावरचा भरला तांब्या

"जमीन बघायला गेलीस की आधी बांधाशेजारच्या माणसाकडं चहा पी," धर्माजी म्हणाले होते. "तो भांडला तर घाबरू नको. भांडणाऱ्याचं दुखणं निदान कळतं. जो चहा पाजतो, हसतो आणि काहीच विचारत नाही, त्याच्याकडं पुन्हा जा. तो बोलता होईपर्यंत जा."

धर्माजींनी आळेफाट्यावर उभा जन्म जमिनीच्या दलालीत घालवला होता. वृषालीनं नारायणगावात एजंटचं ऑफिस थाटलं तेव्हा न मागता त्यांनी दिलेलं हे पहिलं शहाणपण. तिनं मान डोलावली आणि सोडून दिलं. ती कॉलेज शिकलेली होती. तिच्याकडं नकाशे होते, व्हिजिटिंग कार्डं होती, घरी बसून राहायचं नाही ही जिद्द होती. लोकांच्या ओसरीवर बसून चहा पिण्याला ती धंदा मानत नव्हती.

निमगाव साव्याच्या साळुबाईंची जमीन विकायला निघाली तेव्हा ती रीत म्हणून एकदा शेजारच्या भगवंतकडं जाऊन आली. भगवंत साळुबाईंचा पुतण्या, बांधाला बांध लागून. त्यानं चहा पाजला, तिच्या कडेवरच्या लेकीच्या, आरोहीच्या हातात बिस्कीट दिलं. कोण घेतंय, हद्द कुठून जाणार, एक शब्द विचारला नाही. चांगला माणूस भेटला म्हणून वृषाली खूश होऊन परतली.

२००३ सालच्या एप्रिलमधल्या त्या सकाळी ती साळुबाईंच्या अंगणात उभी राहिली, तेव्हा तिला त्या चहाची आठवणसुद्धा नव्हती.

कडेवर आरोही, रस्त्यावर जीप. खरेदीखतासाठी जुन्नर गाठायचं होतं. घेणारे पुण्याचे डॉक्टर तिकडं परस्पर येणार होते. साळुबाई विधवा, मूलबाळ नाही, डोळ्यांत मोतीबिंदू. रस्त्याकडचा तुकडा विकायचा, घर आणि विहिरीकडचं रान स्वतःला ठेवायचं, आणि कुणाच्या हाताकडं न बघता राहायचं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

पण साळुबाई घरात नव्हत्या.

दाराला नुसती कडी. वृषाली आत गेली. परातीत मळलेलं पीठ वाळून भेगाळलं होतं. चुलीत पाणी ओतून विस्तव विझवलेला, राख घट्ट बसलेली. आजच्यासाठी काढून ठेवलेलं धुवट लुगडं दोरीवर तसंच. चपला नव्हत्या. बाहेर शेळी कास तटतटून ओरडत होती.

म्हणजे बाई काल संध्याकाळी भाकरीवरून उठून गेली. घाईनं गेली, पण विस्तव विझवून, कडी लावून, स्वतःच्या पायांनी गेली.

ओट्यावर पितळी तांब्या होता. काठोकाठ भरलेला, वर फुलपात्र पालथं.

"पाणी," म्हणून आरोही कडेवरून उतरली आणि तिनं तांब्याला हात घातला.

तेवढ्यात भगवंत आला. विहिरीकडून चालत येत होता, सदरा घामानं पाठीला चिकटलेला, ओठ सुकलेले. त्यानं हळूच मुलीच्या हातातून तांब्या काढून घेतला. "शिळं हाय गं बाय." अंगण ओलांडून तो कुंपणाबाहेर गेला, गाडीवाटेवर त्यानं ते पाणी ओतून दिलं आणि आतल्या रांजणातून ताजं आणून आधी आरोहीला पाजलं, मग स्वतः प्याला. ओट्यालगतचं कढीपत्त्याचं रोप उन्हानं मान टाकून उभं होतं.

वृषालीला त्याचं बरं वाटलं. पोरीच्या तोंडात काय जातंय याकडं तिचा सतत डोळा असायचा. दुसऱ्या कुणी तो ठेवला की जिवाला तेवढीच सवड.

"काकू कुठं आहेत?" तिनं विचारलं.

"म्या बी सकाळधरनं तेच बघतोय, ताई. इहिरीवर जाऊन आलो."

"काल संध्याकाळी कुणी आलं होतं?"

"न्हाई. कुणी न्हाई."

"तुम्ही घरीच होता?"

"आळेफाट्याला गेलतो. टोमॅटोच्या पेट्या घालाया. अंधार पडल्यावं आलो."

हळूहळू वस्तीवरची माणसं जमली. पोलीस पाटील आले. गजराबाई आल्या. त्यांच्या मेंढ्या त्या आठवड्यात शेजारच्या पडीक रानात खतासाठी बसवल्या होत्या, त्यामुळे त्यांची नजर वाटेवर होती. तिन्हीसांजेला भिमाचा निळ्या ताडपत्रीचा टेम्पो साळुबाईंच्या दारी थांबलेला त्यांनी पाहिला होता.

भिमाचं नाव निघताच कुजबुज वाढली. भिमा बेल्ह्याच्या बाजारात बैलांचा दलाल. अलीकडं जमिनीतही पडला होता. याच जमिनीला त्यानं दुसरं गिऱ्हाईक आणलं होतं, साळुबाईंनी परतवलं होतं. त्यावर भर बाजारात तो वृषालीला म्हणाला होता, बघतो सौदा कसा होतोय.

भगवंतनं मात्र हात झटकला. टेम्पो काय, टोमॅटो न्यायला रोज फिरतात. आंधळी बाई, पाय घसरला असेल, आधी विहिरी बघू. पाटलांना ते पटलं. गडी गळ आणायला पळाले.

इकडं लोकांचा रोख वृषालीवर वळला. कुणी म्हणालं, आमच्या गावात एजंट नव्हते तोवर म्हाताऱ्या हरवत नव्हत्या. मागून एक आवाज आला, "आंगठा घेतला, बाई नेली, आता रान न्यायला जीप आणलीया." दोघं-तिघं हसले. वृषालीनं आरोहीचा चेहरा खांद्यात दाबून धरला. भगवंत मधे पडला आणि म्हणाला, ताईंवर माझा विश्वास आहे, त्यांना काही बोलू नका. त्या क्षणी तिला तो देव वाटला.

विहिरींत गळ पडू लागले. दोर खाली जायचा, रिकामा वर यायचा. साळुबाई सापडल्या नाहीत तर या तालुक्यात तिला पुन्हा कुणी अंगणात उभं करणार नव्हतं, हे खरं होतं. त्याहून खरं हे होतं की ती म्हातारी तिच्याच भरवशावर विकायला तयार झाली होती.

आणि तिच्या मनातून परात जात नव्हती. विहिरीवर निघालेली बाई चूल विझवून जात नाही.

ती पाटलांना म्हणाली, "विहिरी इथंच राहतील. टेम्पो राहणार नाही. आज बेल्ह्याचा बाजार आहे ना?"

भिमा बाजारात कडुनिंबाखाली सापडला. एका व्यापाऱ्याचा हात उपरण्याखाली धरून बोटांनी भाव चालला होता. पाटलांना पाहून त्यानं हात सोडला.

"काल निमगावला साळुबाईंच्या दारात गेला होतास?" पाटलांनी विचारलं.

"गेलतो."

"कशाला?"

भिमानं वृषालीकडं पाहिलं. "सांगावा घेऊन गेलतो, मॅडम. तिची भन मेल्याचा. म्हाळुंगं पडवळची ठमाबाई."

वृषाली पुढं सरकली.

"कुणी दिला सांगावा?"

"हितंच, हाटेलात. वळखीचा नव्हता. मला म्हनला, तू मंचरला चाललायस, तर म्हातारीला घिऊन जा, फाट्याव सोड."

"ज्या बाईनं तुझा सौदा मोडला तिच्या दारात तू गेलास?"

"मयताचा सांगावा दुस्मनाचा बी न्यावा लागतो. तुमचा माझा वाद धंद्याचा हाय, मयताशी न्हाई. तिनं पानी आनलं, म्या शिवलो न्हाई. बसलो बी न्हाई. असला सांगावा घिऊन गेलेला मानूस त्या घरचं पानी पीत न्हाई."

वृषालीला आठवलं. वडील गेले तेव्हा ती जुन्नरला वसतिगृहात होती. चुलतमामा फाटकाशी उभे होते. रेक्टरबाईंनी दिलेला पेला त्यांनी कठड्यावर ठेवून दिला होता. त्या पेल्याचं पुढं काय झालं हेही तिला आठवलं, आणि ते आठवताना काहीतरी खुपलं. पण विचार करायला तेव्हा वेळ नव्हता.

"सांगावा तर आधी भावकीतल्या गड्याला सांगतात," ती म्हणाली. "एकट्या म्हातारीच्या तोंडावर कुणी सांगत नाही."

"म्या बी तेच म्हनलो. तर तो म्हनला, तिला भावकी न्हाई, थेट तिलाच सांग." भिमानं उपरणं झटकलं. "का? काय झालं?"

"ती परत आली नाही."

भिमानं व्यापाऱ्याकडं पाठ केली आणि न विचारता जीपमध्ये येऊन बसला.

म्हाळुंगे पडवळला ठमाबाई अंगणात चिंचा फोडत बसल्या होत्या. वृषालीनं नाव विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, मीच. भिमानं कपाळावर हात मारून घेतला. साळुबाई तिथं आल्याच नव्हत्या. काल रात्री आली असती, ठमाबाई म्हणाल्या, तर माझा मुलगा तिला तेव्हाच गाडीवर घालून घरी सोडून आला असता, आज तिची खरेदी आहे हे आम्हाला काय ठाऊक नाही का?

मग भिमानं काल साळुबाईंना जिथं उतरवलं होतं त्या फाट्याच्या दिशेनं सगळे उलट चालत निघाले. फाट्यापासून गावात यायला एक डांबरी रस्ता आणि एक कालव्याकाठची जवळची वाट. बहीण मेली असं ऐकलेली बाई लांबचा रस्ता धरणार नाही, हे वृषाली धरून चालली.

कालव्याच्या मोरीखाली त्या सापडल्या. अंधारात पाय चुकून चारीत कोसळल्या होत्या, मांडीचं हाड मोडलं होतं. सरपटत सावलीत गेल्या म्हणून उन्हातून वाचल्या. घसा बसला होता, रात्रभर हाका मारल्या होत्या. ठमाबाई पुढं वाकल्या तेव्हा साळुबाईंनी त्यांच्या तोंडावरून हात फिरवला आणि मग पहिल्यांदा रडल्या.

वृषाली जीपमधून पाण्याची बाटली घेऊन आली. साळुबाई घटाघटा प्याल्या. काही पाणी हनुवटीवरून मातीत सांडलं. ते सांडलेलं पाणी बघता बघता वृषाली जागीच थांबली.

तिला आता कळलं होतं काय खुपत होतं ते.

दुसऱ्या दिवशी सकाळी नारायणगावच्या दवाखान्यात साळुबाईंच्या खाटेभोवती माणसं होती. पाटील, फौजदार, भिमा, ठमाबाई. भगवंत घरून डबा आणि शहाळं घेऊन आला होता, काकूच्या पायाशी बसून डोळे पुसत होता. वृषाली आरोहीला घेऊन आली आणि पिशवीतून पितळी तांब्या काढून तिनं खाटेशेजारच्या स्टुलावर ठेवला.

ती फौजदारांकडं वळली. बेल्ह्याच्या हॉटेलातला तो अनोळखी माणूस तुम्ही शोधालच, ती म्हणाली. पण तो नुसता तोंड होता. त्याच्या तोंडात शब्द घालणाऱ्याला तीन गोष्टी ठाऊक होत्या. साळुबाईंची बहीण म्हाळुंग्याला आहे. खरेदी उद्या आहे. आणि शेजारी भावकीतला एक गडी राहतो, त्याला सांगावा कळता कामा नये, कारण त्याच्या कानावर गेला तर चारचौघांत त्याला काकूबरोबर जावं लागेल आणि सगळं तिथंच उघड पडेल. म्हणून 'भावकी नाही, थेट तिलाच सांग.'

"खरेदीचा दिवस मला ठाऊक नव्हता," भिमा म्हणाला. "ठाऊक असता तर आदल्या दिशी मी सोता येऊन बसलो असतो, भाव वाढवाया."

फौजदार हसले. वृषाली हसली नाही.

"भगवंतभाऊ, काल सकाळी मी विचारलं, संध्याकाळी कुणी आलं होतं का. तुम्ही म्हणालात, कुणी नाही. नंतर म्हणालात, मी आळेफाट्याला होतो. जो नव्हताच, त्याला कुणी आलं नाही हे कसं ठाऊक?"

"बोलन्यात येतं मानसाच्या, ताई."

"येतं. तेवढ्यावर मी काही म्हटलं नसतं. पण हा तांब्या. माझी मुलगी प्यायला गेली, तुम्ही काढून घेतलात. शिळं आहे म्हणालात. पालथ्या फुलपात्राखालचं पाणी शिळं की ताजं, बघून कळत नाही."

"लहान पोर हाय. म्हनलं, उगीच नगं."

"आणि ओतलंत कुठं?"

भगवंतनं शहाळं उचलून स्टुलावर ठेवलं.

"एप्रिल महिना," वृषाली म्हणाली. "हंडाभर पाण्याला विहिरीची पायरी उतरावी लागते. ओट्याला लागून कढीपत्ता वाळतोय. कुणीही ते पाणी रोपाच्या मुळाशी टाकलं असतं, शेळीला दाखवलं असतं, निदान तोंड धुतलं असतं. तुम्ही तहानेनं व्याकूळ होता. तरी अंगण ओलांडून गेलात आणि गाडीवाटेवर ओतलंत."

खाटेवरून साळुबाईंचा बसका आवाज आला. "रस्त्याव वतलं?"

"हो, काकू."

"मग त्याला ठाव व्हतं," साळुबाई म्हणाल्या. "सांगाव्याचं पानी हाय, ठाव व्हतं."

ठमाबाईंनी मान हलवली. त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. पण फौजदार विदर्भातले होते, म्हणून वृषालीनं सांगितलं. मयताचा सांगावा आणणाऱ्यानं न प्यालेलं पाणी घरात ठेवत नाहीत, झाडाला घालत नाहीत, जनावराला पाजत नाहीत. घराबाहेर वाटेवर ओततात. तिच्या मामांचा पेला रेक्टरबाईंनी तसाच फाटकाबाहेर रिकामा केला होता.

"सांगावा आला होता हे काल सकाळी या वस्तीवर कुणालाच ठाऊक नव्हतं," ती म्हणाली. "मलाही नाही. तो तांब्या म्हणजे आम्हाला नुसतं प्यायचं पाणी होतं. तुम्हालाच ते काय आहे ते माहीत होतं. सांगावा खोटा आहे, कुणी मेलेलं नाही, हेही तुम्हालाच माहीत होतं. तरी ते पाणी झाडाला घालायला तुमचा हात धजला नाही."

भगवंतनं डोळे पुसायचं थांबवलं. त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला, ओझं उतरवलेल्या माणसासारखा.

"इच्यार की मग तिला," तो काकूकडं बोट करून म्हणाला. "माझी आई चिमाबाई मेली तवा म्या मुंबईला व्हतो. सांगावा धाडला का म्हनून इच्यार. भैरवनाथाच्या यात्रंला आलो, आईला लुगडं घिऊन. येशीत न्हावी म्हनला, आरं तुझं डोकं कसं काय वाढलेलं? तवा मला कळलं."

भगवंतच पुढं बोलत राहिला. दहाव्याला घाटावर भावकी बसली होती. चिमाबाईचा मुलगा आला नाही म्हणजे त्याला काही नको, असं काका सावळारामनं, साळुबाईंच्या नवऱ्यानं, सगळ्यांसमोर म्हणून टाकलं होतं, आणि रस्त्याकडचं रान आपल्याकडं वळवून घेतलं होतं. तेच रान आता एका डॉक्टरला चाललं होतं.

"मयत व्हतं तवा तुमी सांगावा धाडला न्हाई," तो साळुबाईंना म्हणाला. "मयत नव्हतं तवा म्या धाडला. फिटली."

"खरेदी मोडायची होती तर तेवढ्यावर भागलं असतं," वृषाली म्हणाली. "खोटा सांगावा हा सूड, समजू शकते. पण काल सकाळी तुम्ही रिकामं घर पाहिलंत. बहीण जिवंत दिसली असती तर तिच्या मुलानं रात्रीच आणून सोडलं असतं. म्हणजे काकू वाटेतच कुठंतरी पडल्यात, हे तुम्हाला तेव्हाच कळलं. कुठल्या वाटेवर, तेही. आणि तुम्ही आम्हाला विहिरीत गळ टाकायला लावलेत. तेही सूडच होता?"

भगवंतनं डब्याचं झाकण घट्ट बसवलं.

"आधी वाटलं, सांगावं," तो म्हणाला. "मग वाटलं, ऱ्हाऊ दे."

फौजदारांनी त्याला दंडाला धरून उठवलं. शहाळं स्टुलावरच राहिलं. तो दारापर्यंत गेला तेव्हा साळुबाई बोलल्या. वृषालीला वाटलं, म्हातारी माफी मागेल, निदान चिमाबाईबद्दल एखादा शब्द.

"तवा बी बरूबर केलं," साळुबाई भिंतीकडं बघत म्हणाल्या. "पोरी, समदं इकून टाक. इहिरीसकट. घर तेवढं ठिव. मी गेल्याव त्याला ढेकूळ सुदिक मिळाया नगं."

पुण्याच्या डॉक्टरांनी तोवर दुसरीकडं जमीन घेतली होती. वृषालीनं नवं गिऱ्हाईक शोधलं, आणि या वेळी मन लावून शोधलं. 'एजंट बाई, आंगठा घेतला,' हे ती विसरली नव्हती. ज्याला ती देव समजली होती त्याचा 'ताईंवर माझा विश्वास आहे' हा शब्द तर तिला त्याहून जास्त झोंबत होता. भगवंतच्या घराला त्याच विहिरीतून पाइप गेला होता. नव्या मालकानं तो तोडला. तोडणार हे वृषालीला सौद्याआधी ठाऊक होतं, तिनंच ते गिऱ्हाइकाच्या कानावर घातलं होतं. नंतर एकदा जीपमधून जाताना तिला भगवंतची बायको हिरा उन्हात हंडा घेऊन चाललेली दिसली. कडेवर आरोहीएवढं मूल होतं. वृषालीनं मान फिरवली.

धर्माजींना तिनं सगळं सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, आता तिथं दुसऱ्यांदा चहाला कोण जाणार?

साळुबाई तिथंच राहतात, बांधाजवळ, कुबडी घेऊन. बहिणीकडं जात नाहीत, शेजारी बोलत नाहीत. भगवंत जामिनावर सुटून आला आहे आणि संध्याकाळी ओट्यावर बसून त्यांच्या दाराकडं बघत असतो. वृषालीला रोज जाणं होत नाही, पोर लहान आहे.

तुम्ही कधी बेल्ह्याच्या बाजाराला निघालात आणि वाट निमगाव साव्यावरून गेली, तर गजराबाईंच्या मेंढ्या बसतात त्या रानापुढचं घर विचारा. साळुबाईंना हाक मारा. त्या तांब्या भरून आणतील आणि दारात उभ्या राहून तुमच्या हाताकडं बघत राहतील. तहान नसली तरी ते पाणी पिऊन या.